सुहैल, अगस्त्य आणि लवकर परतणारा पाऊस

आमच्या शाळेत दर दोन-तीन वर्षांनी एखादा सुहैल दाखल होतोच. हजेरी घेताना मी त्याला विचारतो, "बेटा, नावाचा अर्थ काय?" दुसऱ्या दिवशी घरून उत्तर घेऊन येतो, "एक तारा आहे, सर." कोणता तारा, कुठे दिसतो, हे घरीही कुणाला ठाऊक नसतं. मग मी फळ्यावर उर्दूत 'सुहैल' लिहितो आणि त्याच्या शेजारी मराठीत 'अगस्त्य'. दोन्ही नावं एकाच ताऱ्याची. दक्षिणेच्या क्षितिजाजवळ दिसणारा, रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असा तारा.

मला तो अब्बांनी दाखवला. आमची थोडी धानाची शेती होती. भादव्यात आभाळ उघडलं की अब्बा फजरच्या नमाजनंतर सरळ घरी न येता तलावाच्या पाळीवर जायचे. तिथे शेजारचे पाटीलकाका आधीच उभे असायचे. ते कोहळी समाजाचे, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी या भागातले तलाव बांधले त्यांच्यापैकी. दोघं दक्षिणेकडे बघायचे. काका म्हणायचे अगस्ती, अब्बा म्हणायचे सुहैल. पण खुणा दोघांच्या सारख्याच होत्या. काशी कधी फुलली? धोबी पक्षी शेपटी हलवत पाळीवर आला का? सकाळी धानाच्या पात्यावर दव किती? तलावाचं गढूळ पाणी निवळलं का? हे सगळं नेहमीपेक्षा आधी दिसलं की काका म्हणायचे, "भाऊ, औंदा पाऊस लवकर जाते, अन् थंडी कडक पडते."

लहानपणी मला वाटायचं, पाऊस गेला तर बरंच की, चिखल संपला. त्या दोघांचे चेहरे मात्र उतरलेले असायचे. कारण पुढे कळलं.

गोंदियाचा धान दोन प्रकारचा. हलका धान लवकर कापणीला येतो. भारी धान हस्त नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, लोंबीवर असतो. त्या वेळी बांधीत पाणी नसेल तर लोंबी दिसते, पण दाणा भरत नाही. बाहेरून हिरवंगार शेत, आत पोचट. विदर्भातून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. तो तीन आठवडे आधी परतला तर कवींना शरद लाभतो आणि शेतकऱ्याला उपास.

हे १८९६ साली घडलं. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता (तो १ मे १९९९ला झाला). हा सगळा मुलूख मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी पावसाळ्याची सुरुवात बरी झाली, पण हंगाम अर्ध्यावर असताना पाऊस थांबला आणि परत आलाच नाही. भातपट्ट्यात हाहाकार उडाला. १८९६-९७चा दुष्काळ म्हणून इतिहासाच्या पुस्तकात जो येतो, तो आमच्याकडे लवकर आलेल्या शरदाच्या रूपाने आला होता. त्या वर्षी काशी फुलली तेव्हा पाळीवर उभं राहून बघणाऱ्यांना काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. लोक सावरतात न सावरतात तोच १८९९ला पुन्हा पाऊस दगा देऊन गेला.

आता दुसरी गोष्ट. अब्बांच्या या सवयीवर मशिदीत एकदा हरकत घेतली गेली. कुणी तरी म्हणालं, ताऱ्यावरून पावसाचं बोलणं शिर्कच्या जवळ जातं. अब्बा गप्प बसले. वाद घालण्याइतकं त्यांचं शिक्षण नव्हतं आणि मी तेव्हा लहान होतो. आज ते नाहीत, म्हणून त्यांचं उत्तर मी देतो.

हरकतीमागे जी हदीस आहे ती बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. हुदैबियाला रात्री पाऊस पडून गेला होता. पैगंबरांनी (स.) सकाळी सांगितलं, त्याचा आशय असा: पाऊस अल्लाहच्या कृपेने पडला म्हणणारा श्रद्धावान, आणि अमुक ताऱ्याने पाडला म्हणणारा ताऱ्यावर श्रद्धा ठेवणारा. म्हणजे नकार ताऱ्याला कर्ता मानण्याला आहे. ताऱ्यावरून वेळ ओळखण्याला नाही. ताऱ्यांवरून लोकांना वाट सापडते, हे कुरआनात सूरह नहलमध्येच आलं आहे. आणि मुसलमान विद्वानांनी हे ज्ञान टाकूनही दिलं नाही. नवव्या शतकात इब्न कुतैबा यांनी 'किताबुल अन्वा' लिहिली, ती अरबांच्या याच तारे-पावसाच्या माहितीवर. अरबांच्या चंद्राच्या २८ मंझिला आणि आपली २७ नक्षत्रं शेजारी ठेवून पाहा, सख्खी भावंडं वाटतात. आखाती देशांत सुहैल दिसला की उन्हाळा उताराला लागला असं आजही मानतात. तिथली 'दुरूर' नावाची जुनी दिनगणना सुहैलच्या उगवण्यापासून दहा-दहा दिवस मोजत जाते.

इकडे वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त अगस्त्याच्या उदयावर एक अख्खा अध्याय आहे आणि खंजन पक्ष्यावर, म्हणजे आमच्या धोब्यावर, दुसरा. अगस्त्य उगवल्यावर पाणी निवळतं हे कालिदासाने 'रघुवंशा'त सांगितलं. तुलसीदासांच्या शरदवर्णनात काशीही आहे आणि खंजनही.

एक गोष्ट मला नकाशा शिकवताना दिसली आणि मी खडू हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मक्का आणि गोंदिया जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेएकवीस अंशांच्या आसपास. तारा कोणत्या तारखेपासून पहाटे दिसू लागेल हे अक्षांशावर ठरतं. म्हणजे ऑगस्टच्या मध्यानंतर ज्या दिवसांत मक्केच्या क्षितिजावर सुहैल पहाटे वर येतो, त्याच दिवसांत आमच्या पाळीवरही येतो. फरक ढगांचा. तिथे आभाळ मोकळं असतं, इथे श्रावण-भादव्याचे ढग. म्हणून गोंदियात तारा लवकर दिसला याचा अर्थ तारा लवकर उगवला असा होत नाही, ढग लवकर हटले असा होतो. अब्बा आणि काका ताऱ्याच्या निमित्ताने खरं तर ढग वाचत होते.

राज्यकर्त्यांनाही ही अडचण होतीच. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. दर वर्षी ते अकरा दिवसांनी मागे सरकतं आणि जवळपास ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतं. रोजे आणि हज यांना ते शोभतं, कारण मग कुठल्याच देशाच्या वाट्याला कायमचा कडक उन्हाळा येत नाही. पण सारा वसूल करायचा तर पीक हिजरी महिना बघून येत नाही. यातून दख्खनमध्ये शुहूर सन आला. त्याची सुरुवात १३४४च्या सुमारास, तुघलकांच्या काळात झाल्याचं मानलं जातं. आकडे अरबी शब्दांत, आणि वर्षाचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा! म्हणूनच त्याला मृगसाल असंही म्हणत. शिवकाळापासून पेशवाईपर्यंत मराठी कागदांत 'इसन्ने', 'सलास', 'खमस', 'अशर' हे शब्द येतात ते याच सनाचे. ज्यांना मराठी कागदात अरबी दिसली की दचकायला होतं आणि ज्यांना मुसलमानाच्या तोंडी मृग-हस्त ऐकून दचकायला होतं, त्या दोघांनीही एखाद्या दफ्तरखान्यात जुने कागद जरूर बघावेत.

राहिली कडक थंडी. इथे मला अब्बांची बाजू सोडावी लागते. धोबी किंवा नवेगावबांधला उतरणारे चक्रवाक हिमालयापलीकडून, मध्य आशियातून येतात. दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या अंगात निघण्याची ओढ सुरू होते. ते तिथली खबर आणतात, आमच्या डिसेंबरची नाही. आमच्याकडे थंडी पडते ती उत्तरेत पश्चिमी विक्षोभ येऊन गेल्यावर, आभाळ निरभ्र असेल आणि उत्तरेचा वारा सुटला तर. विदर्भातलं सर्वांत कमी तापमान कित्येकदा गोंदियात नोंदलं जातं, आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे त्या गारठ्याने पिवळे पडून खुंटतात, हे खरं. पण ते सप्टेंबरातल्या काशीला कळत नाही.

मी हे एकदा अब्बांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "थंडीचं राहू दे. पाण्याचं बरोबर होतं ना?"

होतं. एका वर्षी भादव्यातच पहाटे सुहैल लख्ख दिसला, तेव्हा दोघांनी गावात फिरून तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, आठ दिवस आधी उघडायला लावलं. आधी कुणाच्या बांधीला, यावरून भांडण झालंच. हस्त कोरडा गेला. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचायला चार रात्री लागल्या, आणि त्या चारही रात्री अब्बा नि काका कंदील घेऊन पाटावर बसून होते.