तलावाचं लग्न आणि गच्चीवरची टाकी



आज सुरुवात माझ्याच गच्चीवरून करतो. तीन वर्षांपूर्वी भिलाईच्या आमच्या घरी नातीला कावीळ झाली. डॉक्टरांनी विचारलं, "पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली?" मला उत्तर देता आलं नाही. फौजेत असताना टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर पडून अर्धा तास झाल्याशिवाय मी जवानांना घोटभर पाणी पिऊ दिलं नव्हतं. घरी वर जाऊन पाहिलं, तर झाकण सरकलेलं आणि तळाशी बोटभर गाळ. कावीळ त्या पाण्यानेच झाली, असं सिद्ध करता येणार नाही. नात बरी झाली. पण साठवलेलं पाणी नेमकं सांभाळतं कोण, हा प्रश्न मनात राहिला. त्याचं उत्तर शोधताना मी या भागाच्या इतिहासात शिरलो.

भिलाईच्या कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केलं. पोलादाच्या कारखान्याला लोखंडाच्या दगडाइतकीच पाण्याचीही गरज असते. इथे ते मिळालं बालोदजवळच्या तांदुला जलाशयातून. तांदुला नदी आणि सुखा नाला यांच्या संगमावर हा जलाशय इंग्रजांच्या काळातच बांधला होता, आणि तो होता भातशेतीसाठी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत छत्तीसगड होरपळलं होतं. त्यानंतर सरकारला मोठ्या धरणांची निकड पटली. शेतकऱ्यासाठी साठवलेलं ते पाणी पुढे कालव्याने मरोदा तलावात आलं आणि भट्ट्यांना व टाउनशिपच्या नळांना मिळू लागलं.

पण तांदुल्याच्या कितीतरी आधीपासून इथे गावोगाव तलाव होते. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत भंडारा-चांद्यासारखाच नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. तिकडे कोहळी समाजाने तलाव बांधण्यात नाव कमावलं. नवेगाव बांध हा कोलू पाटील कोहळींनी बांधला असं परंपरा सांगते. रचना साधीच. उताराला आडवी मातीची पाळ, शेतात पाणी सोडायला तुडुम, आणि जादा पाणी वाहून जायला पाळीपेक्षा खालच्या पातळीवर सांडवा. सांडवा तुंबला आणि पाणी पाळीवरून गेलं, तर मातीची पाळ एका रात्रीत कापली जाते. म्हणून पावसाळ्याआधी सांडवा मोकळा करायचा, उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकायचा. तलाव टिकायचा तो या दोन कामांवर.

ही कामं करून घ्यायचा मालगुजार. १८६०च्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी त्याला गावाची मालकी दिली होती. तो काही साधू नव्हता. गाळ उपसणाऱ्यांत वेठीला धरलेली माणसंही असत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१ मध्ये गावतळी सरकारकडे आली. हे न्यायाचंच झालं. मात्र मालक बदलला, तरी दर उन्हाळ्यात फावडं कोण उचलणार हे ठरलं नाही. गाव म्हणे तलाव सरकारचा, सरकारी खात्याला इतक्या तळ्यांकडे पाहायला माणसं नाहीत. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, त्यांत बेशरम माजली.

छत्तीसगडात जुन्या तलावांच्या मधोमध लाकडी खांब उभा दिसतो. ती तलावाच्या लग्नाची खूण. लग्न न झालेल्या तलावाचं पाणी शुभकार्याला चालत नाही, अशी समजूत. मला यात एक व्यवहार दिसतो. अख्ख्या गावासमोर तलावाशी नातं जोडलं, की तो आपला नाही असं म्हणता येत नाही.

आता पुन्हा गच्चीवर येऊ. आपल्या टाकीलाही सांडवा असतो, तो म्हणजे वरचा ओव्हरफ्लोचा पाइप. त्याला बारीक जाळी हवी, नाहीतर डास आणि पाली आत जातात. तुडुम म्हणजे तळाचा वॉशआउट. तो नसेल तर बसवून घ्या, कारण रोजच्या वापराचा नळ तळापासून थोडा वर असतो आणि गाळ त्याच्या खालीच राहतो. झाकण घट्ट बसायला हवं. सहा महिन्यांनी टाकी रिकामी करा, घासा, ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा आणि ते पाणी सोडून द्या. जमिनीखालची टाकी विसरू नका. तिच्यात एकट्याने कधीही उतरू नका, आत हवा कोंडलेली असते.

आणि धुतल्याची तारीख टाकीवर लिहा. आमच्याकडे ती नात रंगाने लिहिते. शेजारी धुणाऱ्याचं नावही लिहायचं, हा नियम तिनेच केला. गेल्या वेळी तिथे माझं नाव होतं.