पारा, कोन आणि यवतमाळचं ऊन

विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल, खेळण्यातल्या रॉकेटचा आणि इतिहासाचा काय संबंध? म्हणून सुरुवात एका भांडणापासून करू.

गेल्या उन्हाळ्यात यवतमाळजवळच्या एका माळावर आम्ही शाळेतल्या मुलांबरोबर पुठ्ठ्याचं रॉकेट उडवलं. आत छोटासा अल्टिमीटर बसवला होता. त्यानं उंची नोंदवली ३१० मीटर. खाली दोन टोकांना कोनमापक घेऊन मुली उभ्या होत्या, त्यांनी त्रिकोण सोडवला, तर उत्तर आलं ३३८. मुलं म्हणाली, यंत्र खोटं कसं बोलेल? मुली म्हणाल्या, आम्ही दोनदा ताडून पाहिलंय. आम्हालाही तिथल्या तिथे निवाडा देता आला नाही. तो सापडला जुन्या इतिहासात.

मुळात अल्टिमीटर उंची मोजतच नाही. तो हवेचा दाब मोजतो. उंची हा त्यावरून मांडलेला हिशेब असतो. हा हिशेब पहिल्यांदा तपासला गेला फ्रान्समध्ये, १९ सप्टेंबर १६४८ रोजी. पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्यूय द दोम हा डोंगर चढला. सुमारे हजार मीटर चढल्यावर पारा आठ सेंटिमीटरहून जास्त उतरला. पण पेरिएचं खरं शहाणपण दुसरीकडे आहे. त्यानं तशीच एक नळी खाली मठाच्या बागेत ठेवली आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला एक पाद्री बसवला. खालचा पारा हलला नाही, म्हणून वरचा पारा उंचीमुळेच उतरला असं त्याला ठामपणे म्हणता आलं.

आपल्या अल्टिमीटरमध्ये शून्य लावायचं असतं, ते म्हणजे हीच खालची नळी. आपल्याकडे हवेचा दाब रोज भरती-ओहोटीसारखा हलतो. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. तिथे उन्हाळ्यात एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास साडेनऊ मीटर. म्हणजे सकाळी लावलेलं शून्य दुपारी वापरलं, तर रॉकेट जमिनीवर असतानाच तीसेक मीटर उडालेलं दिसेल! म्हणून शून्य उडवण्याच्या जागी, उडवण्याच्या अगदी आधी घ्यायचं. एकच वाचन पुरत नाही, काही सेकंदांची सरासरी हवी.

आमच्या मुलांनी हे सगळं नीट केलं होतं. मग २८ मीटर गेले कुठे?

इथे दुसरा धडा येतो. तापलेली हवा विरळ असते. तेवढाच दाब उतरायला तिच्यात जास्त वर जावं लागतं. जिनिव्हाच्या द ल्यूकनं १७७२ च्या आपल्या ग्रंथात दाबावरून उंची काढताना तापमानाची दुरुस्ती मांडली, पुढे लाप्लासनं तिला सूत्रात बसवलं. आजचे बरेच अल्टिमीटर मात्र प्रमाण वातावरण धरून चालतात. त्या हिशेबात समुद्रसपाटीला १५ अंश असतात आणि आमच्या रॉकेटच्या उंचीवर ११. माळावर त्या दिवशी ४० अंश होते! निरपेक्ष तापमानात धरलं तर खरी हवा हिशेबातल्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी जास्त गरम. ३१० ला तेवढं वाढवा, उत्तर येतं ३४० च्या आसपास. मुलींचं होतं ३३८. भांडण मिटलं.

मुलींची पद्धत तर आपल्या मातीतली जुनी ओळखीची. १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजून विल्यम लॅम्बटननं जे काम सुरू केलं, ते त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकलं. बिदरजवळचं दामरगिडा आणि अमरावतीकडचं टाकळखेडा यांना जोडणारी रेषा नकाशावर ओढून पाहा. ती उमरखेड, दिग्रस, दारव्हा या पट्ट्यावरून जाते. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट घेऊन फिरणारा हा माणूस २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला, आपल्या वर्धा नदीच्या पलीकडे.

त्या लोकांनाही उन्हानं छळलंच. तापलेल्या हवेत दूरची खूण थरथरते, प्रकाशाची वाट वाकते आणि कोन चुकतो. लॅम्बटननंतर सूत्रं हाती घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनं म्हणूनच पुढे रात्री दिवे पेटवून कोन घेण्यावर भर दिला. म्हणजे कोन घ्या की दाब, मधली हवा विचारात घ्यावीच लागते.

आता कामाच्या दोन गोष्टी. अल्टिमीटरच्या कप्प्याला बाहेरची हवा लागली पाहिजे. त्यासाठी नाकापासून दूर, नळीच्या गुळगुळीत भागावर, सारख्या अंतरावर तीन-चार बारीक भोकं पाडा. भोकं फारच लहान झाली तर आतला दाब मागे रेंगाळतो आणि टोकाची उंची उशिरा नोंदली जाते. दुसरं, उड्डाण ओळखण्याची मर्यादा इतकी कमी ठेवू नका की वाऱ्याच्या झोतानंच नोंद सुरू होईल. पॅराशूट सुटताना स्फोटाच्या धक्क्यानं आलेखात एक टोकदार सुळका दिसतो. त्याला उंची समजू नका.

आणि वहीत नुसता ३१० हा आकडा लिहू नका. शेजारी वेळ लिहा, जमिनीवरचा दाब लिहा, सावलीतलं तापमान लिहा. आमच्या मुलांनी त्या दिवशी तापमान लिहून ठेवलं होतं, म्हणून घरी आल्यावर हा गुंता सुटला. ते लिहिलं नसतं, तर मुली खोट्या ठरल्या असत्या. कारण यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यापुढे हातानं मांडलेल्या गणिताचं कोण ऐकतो?

आता तुमचे प्रश्न घेऊ.