दंतरोपणापूर्वी जबड्याच्या हाडाची भरणी

पडलेल्या दाताच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू रोवून त्यावर कृत्रिम दात बसवण्याची पद्धत, म्हणजेच डेंटल इम्प्लांट, आता शहरांतून चांगलीच परिचयाची झाली आहे. स्वीडनचे डॉ. पेर-इंगवार ब्रानेमार्क यांनी १९६५ मध्ये अशा स्क्रूंचे रुग्णाच्या जबड्यात प्रथम रोपण केले. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, या शोधावर ही पद्धत उभी आहे. पण मुळात हाडच पुरेसे नसेल तर? दात काढल्यावर ‘पुढे सवडीने पाहू’ म्हणणाऱ्या अनेकांना काही वर्षांनी नेमके हेच ऐकावे लागते.

दाताच्या मुळाभोवतीचे हाड दाताच्याच आधारासाठी असते. दात गेला, चावण्याचा ताण थांबला, की शरीर ते शोषून घेऊ लागते. पहिल्या वर्षात त्याची रुंदी साधारणपणे निम्म्यावर येऊ शकते आणि यातील बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. वरच्या दाढांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. गालामागील सायनसची पोकळी खाली उतरते आणि स्क्रूला जागाच उरत नाही. अशा वेळी सायनसचे अस्तर अलगद वर उचलून खाली हाड भरावे लागते.

भरणीसाठी सर्वांत उत्तम हाड स्वतःचेच. ते हनुवटीतून, अक्कलदाढेच्या मागून किंवा मोठी गरज असल्यास कमरेतून घेतात. मात्र त्यासाठी दुसरी जखम सोसावी लागते. म्हणून मृत दात्याचे किंवा गोवंशीय जनावरांचे प्रक्रिया केलेले हाड अथवा कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट वापरले जाते. हे कण जिवंत नसतात. वेलीला मांडव घालावा, तसे ते नव्या हाडाला आधार देतात. हिरडी आत शिरू नये म्हणून बहुधा वरून पातळ पडदा घालतात. कोणता पदार्थ वापरणार, हे रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे. आपल्याकडे अनेकांच्या दृष्टीने तो श्रद्धेचाही प्रश्न असतो आणि तो विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

भरलेला भाग पक्का होण्यास सहसा चार ते सहा महिने लागतात, सायनसच्या बाबतीत कधी त्याहून अधिक. धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे भरणी फसण्याचा धोका वाढतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेट औषधे चालू असतील, तर ती स्वतःहून बंद न करता दंतवैद्यांना आधी सांगावीत, कारण क्वचित जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो.

दात काढतानाच रिकाम्या खळग्यात असे कण भरता येतात. त्याने झीज पूर्ण थांबत नाही, पण कमी होते आणि पुढची मोठी शस्त्रक्रिया अनेकदा टळते. म्हणूनच इम्प्लांटचा विषय दात काढून झाल्यावर नव्हे, काढण्याचे ठरते त्याच भेटीत काढावा.