दोन उभ्या रेघा आणि शब्दाची जात

मोडी कागदात अक्षरापुढे दोन उभे दंड दिसले की वाचणाऱ्याने थबकावे. रु॥, मौ॥, प॥, त॥, बि॥. येथे कारकुनाने शब्द लिहिलेला नाही, शब्दाची खूण ठेवली आहे. ती उलगडून रुपये, मौजे, परगणे, तर्फ, बिन असे वाचायचे असते. बोरू न उचलता भरभर लिहिणाऱ्याला तेच तेच शब्द शंभरदा पूर्ण लिहिणे परवडणारे नव्हते.

पण हेच दोन दंड आकड्यापुढे आले की त्यांचा अर्थ पालटतो. ५॥ म्हणजे साडेपाच. खूण एकच, अक्षरामागे ती संक्षेप असते, आकड्यामागे अर्धा. काय उलगडायचे हे खुणेवरून ठरत नाही, ती ज्याला चिकटली आहे त्याच्या जातीवरून ठरते.

ही जात सांगण्याची सोयही कारकुनाने करून ठेवली होती. महाडजवळचा रायगड 'किल्ले रायगड' होतो, पोलादपुराकडचे उमरठ 'मौजे उमरठ' होते. 'बिन' आले की पुढचे नाव बापाचे. तारखेआधी 'छ' आला की पुढचा आकडा चंद्राचा, म्हणजे हिजरी महिन्यातला दिवस. आणि वर्षाआधी 'सु॥' आले की ते वर्ष सुहूर सनाचे. एकाच ओळीत दिवस-महिना चांद्र आणि वर्ष मात्र मृगापासून मोजलेले सौर! बाहेरच्या माणसाला हा गोंधळ वाटेल. दफ्तरात वाढलेल्याला तो वाटत नसे, कारण प्रत्येक आकड्याच्या कपाळावर त्याची जात लिहिलेली असे.

ती चिठ्ठी गळाली तर काय होते? 'खमस सबैन अलफ' हा आकडा घ्या. पाच, सत्तर आणि हजार, म्हणजे १०७५. सुहूर मानला तर हे १६७४-७५, रायगडावरील राज्याभिषेकाचे वर्ष. हिजरी मानला तर १६६४-६५, म्हणजे पुरंदरचा तह. एकीकडे सिंहासन, दुसरीकडे तेवीस किल्ले मोगलांच्या हवाली. अंक अचूक वाचूनही इतिहास दहा वर्षांनी चुकतो.

नेमका हाच पेच विसाव्या शतकात संगणकाच्या भाषांपुढे आला. १९५८ साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेची मांडणी सुरू केली. १९६३ मध्ये एमआयटीत टिमोथी हार्ट यांनी तिच्यात मॅक्रो आणण्याचा प्रस्ताव मांडला. मॅक्रो म्हणजे मोडीतला संक्षेपच: थोडक्यात लिहावे आणि आज्ञावली चालण्यापूर्वी त्याचा पूर्ण विस्तार व्हावा. पुढे २००७ साली रिच हिकी यांनी लिस्पच्याच कुळातली क्लोजर ही भाषा जाहीर केली. ती जावाच्या यंत्रणेवर चालते, म्हणून तिच्यात टाइप हिंट आली. 'हे मूल्य अमुक जातीचे आहे' असे सांगणारी ही छोटी चिठ्ठी. 'मौजे' आणि 'किल्ले' यांची लांबची बहीण.

अडचण दोन्ही एकत्र आल्यावर होते. मॅक्रोला मूल्य मिळत नाही, केवळ लिहिलेला मजकूर मिळतो. त्या मजकुराच्या जागी तो नवा मजकूर ठेवतो, आणि जुन्यावर डकवलेली चिठ्ठी जुन्याबरोबरच जाते. मॅक्रो लिहिणाऱ्याने ती आठवणीने उतरवून घेतली तरच टिकते. क्लोजरमधला बाणाच्या आकाराचा प्रसिद्ध मॅक्रो ही काळजी घेतो: तो साखळीतल्या प्रत्येक पायरीची चिठ्ठी काढून नव्या मजकुराला लावतो. सगळेच मॅक्रो इतके सावध नसतात. चिठ्ठी हरवली तर यंत्राला ऐन चालण्याच्या वेळी जात शोधत बसावे लागते. उत्तर बहुधा बरोबर येते, पण उशिरा येते. इतिहासाच्या अभ्यासकाचे नशीब इतके चांगले नाही. त्याचे उत्तरच चुकते.

कारण मोडी कागदाचे बाळबोधात लिप्यंतर करणे हाही विस्तारच आहे. १८९८ पासून वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि पेट्यांतले रुमाल छापील पानांवर येऊ लागले. 'ता॥' चे 'तालुका' करून छापले की मूळ खूण नाहीशी होते. तेथे 'तारीख' असू शकते, ही शंकाही मग कोणाला येत नाही. विस्तारलेली अक्षरे कंसात ठेवणारा संपादक वाचकाला कंटाळवाणा वाटतो खरा, पण चिठ्ठी पुढे नेणारा तोच.

रायगडाच्या काळातच याहून मोठी अदलाबदल घडली होती. राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. फारसी-दखनी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द देणारा हा कोश, सुमारे चौदाशे शब्दांचा. तो नुसती यादी नव्हता. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे त्याचे दहा वर्ग होते. शब्द बदलला तरी तो गडाचा की बाजाराचा, हे ज्या वर्गात तो बसवला होता त्यावरून कळे. याच वळणाने अष्टप्रधानांत मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, डबीर सुमंत झाला, सरनौबत सेनापती झाला.

पेशव्याचा प्रधान झाला, तो मात्र अर्धाच. अठराव्या शतकात बाजीरावांच्या मुद्रेत 'प्रधान' हाच शब्द कोरलेला होता, आणि लोकांच्या तोंडी 'पेशवे' कायम राहिले.