वणव्याच्या धुरापासून शालेय हवेचे संरक्षण

वणव्याच्या धुरापासून शालेय हवेचे संरक्षण म्हणजे जंगलातील आगीमुळे पसरणाऱ्या धुराची नोंद ठेवणे, तो वर्गात कमीत कमी शिरेल अशी व्यवस्था करणे आणि आगीची मानवनिर्मित कारणे कमी करणे, असा एकत्रित प्रयत्न होय. यात विद्यार्थ्यांचा सहभाग निरीक्षण, नोंद आणि जनजागृती या स्वरूपाचा असतो; आग विझवण्याच्या कामाचा त्यात समावेश होत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या पूर्व विदर्भातील वनबहुल जिल्ह्यांत हा विषय महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

दिघोरी हे भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील गाव आहे. भातशेती आणि तलावांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातील जंगल पानझडी प्रकारचे असून त्यात साग, मोह, तेंदू, ऐन इत्यादी वृक्ष आढळतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीस पानगळ होऊन जमिनीवर वाळलेल्या पाल्याचा थर साचतो. महाराष्ट्रात साधारणपणे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो.

या भागातील बहुतेक वणवे मानवनिर्मित असतात. मोहाची फुले सहज दिसावीत व वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो. तेंदूला चांगली पालवी फुटते या समजुतीनेही आग लावली जाते. विझवण्याची काळजी न घेतल्यास ही आग जंगलात पसरते. शेतातील धसकटे व बांधावरील गवत जाळल्याचा धूरही त्यात मिसळतो. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात लागलेल्या वणव्यात आग विझवणाऱ्या ३ वनमजुरांचा मृत्यू झाला होता.

आरोग्यावरील परिणाम

धुरातील सर्वांत घातक घटक म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे सूक्ष्म कण (पीएम २.५). हे कण फुप्फुसात खोलवर पोहोचतात. मुलांची फुप्फुसे वाढीच्या अवस्थेत असतात आणि वजनाच्या प्रमाणात मुले प्रौढांपेक्षा अधिक हवा श्वासावाटे घेतात. त्यामुळे धुराचा त्रास त्यांना अधिक होतो. दम्याच्या रुग्णांना विशेष धोका असतो. भारतीय मानकानुसार पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ मायक्रोग्रॅम सुचवली.

सकाळची शाळा आणि धूर

विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळच्या सत्रात भरवल्या जातात. रात्री जमीन थंड झाल्यावर तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते आणि धूर खालच्या थरात अडकतो. ऊन चढल्यावर हवा वर-खाली होऊन तो विरळ होतो. परिणामी उन्हापासून बचावासाठी निवडलेली वेळ काही दिवशी धूर सर्वाधिक दाट असण्याची वेळ ठरू शकते. अशा दिवशी परिपाठ वर्गात घेणे आणि कवायत व मैदानी खेळ पुढे ढकलणे हा उपाय विनाखर्चाचा आहे.

विद्यार्थ्यांचा सहभाग

राष्ट्रीय हरित सेनेच्या शालेय गटांमार्फत पुढील कामे करता येतात.

निरीक्षण: ठरावीक अंतरावरील टेकडी, पाण्याची टाकी किंवा मंदिराचा कळस सकाळी स्पष्ट दिसतो की नाही, धुराचा वास येतो काय, वारा कोणत्या दिशेचा आहे, याची रोज नोंद ठेवली जाते. धुके व धूळ यांमुळेही दृश्यमानता घटत असल्याने ही पद्धत मापनाची जागा घेऊ शकत नाही.

सूचनाफलक: राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात ० ते ५०० या मापावर ‘चांगली’ ते ‘गंभीर’ अशा ६ श्रेणी असून प्रत्येकीला रंग दिलेला आहे. अमेरिकेत काही शाळांतील विद्यार्थी त्या देशाच्या निर्देशांकानुसार रोज रंगीत ध्वज फडकावतात. ज्या गावाजवळ मापन केंद्र नाही, तेथे फलकावर स्थानिक निरीक्षण नोंदवता येते.

आगीची माहिती: डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांच्या साहाय्याने आगीची ठिकाणे शोधून नोंदणीकृत व्यक्तींना लघुसंदेश पाठवते. शिक्षकांनी नोंदणी केल्यास ही ठिकाणे नकाशावर दाखवून भूगोलाच्या तासाला अभ्यासता येतात.

जनजागृती: पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करणे किंवा मोहाखाली जाळी अंथरणे, हे पर्याय मुले घरापर्यंत पोहोचवू शकतात. शाळेच्या आवारातील पाला न जाळता त्याचे कंपोस्ट खत करणे हा त्याचाच भाग होय.

वर्गातील उपाययोजना

धूर दाट असताना त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवणे, फटींना कापडी पट्ट्या लावणे आणि कोरड्या झाडूऐवजी ओल्या कापडाने फरशी पुसणे उपयुक्त ठरते. साधा पंखा व गाळण्या जोडून तयार केलेली ‘कोर्सी-रोझेन्थाल पेटी’ २०२० पासून अमेरिकेत प्रचारात आली. अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांनीही ती बनवली. रुमाल किंवा साधा कापडी मुखपट्टा सूक्ष्म कण पुरेसे अडवत नाही.

मर्यादा

पत्र्याचे छप्पर असलेल्या वर्गात खिडक्या बंद ठेवल्यास उष्माघाताचा धोका वाढतो. म्हणून तापमान वाढू लागताच खिडक्या उघडणे किंवा वर्ग लवकर सोडणे, याचा निर्णय शिक्षकांनी घ्यावा लागतो. वीजपुरवठा खंडित असल्यास पंख्यावर चालणारी पेटी निरुपयोगी ठरते. वणवा दिसल्यास विद्यार्थ्यांनी जवळ न जाता शिक्षकांना किंवा वनरक्षकाला कळवणे अपेक्षित असते. जाळरेषा आखणे व आग विझवणे ही वनविभागाची, तसेच प्रशिक्षित मनुष्यबळाची कामे आहेत. वर्गातील उपाय धुराचा त्रास कमी करतात. धूर थांबवण्यासाठी मात्र पाला जाळण्याची प्रथा गावपातळीवर बदलणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

वणवा
हवा गुणवत्ता निर्देशांक
नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प
मोह (वृक्ष)