जरा गाणे ऐकू द्या!

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट होती. अभ्यंगस्नान उरकून, उटण्याचा वास अंगावर तसाच घेऊन मी आमच्या भागातल्या मैदानावर ‘दिवाळी पहाटे’च्या गाण्याला जाऊन बसलो. तंबोरे जुळले. गायकाने डोळे मिटून षड्ज लावला. तो स्वर मांडवात पसरतो न पसरतो, तोच मागच्या रांगेतल्या एका तान्ह्या मुलाने त्याहून चढ्या पट्टीत आपलाही स्वर लावला. मी मागे वळून पाहिले. कसे पाहिले ते सांगत नाही. गाण्याला जाणाऱ्या प्रत्येकाने जन्मात एकदा तरी तसे पाहिलेले असते. मुलाची तरुण आई ओशाळली आणि त्याला खांद्यावर टाकून, लोकांच्या पायांतून वाट काढीत बाहेर गेली. मी जिंकल्यासारखा पुन्हा पुढे तोंड करून बसलो. त्यानंतरचे गाणे फार चांगले झाले म्हणतात. माझे मात्र त्यात लक्ष लागले नाही. का लागले नाही, ते ओघाने येईलच.

मैफलीत छळणाऱ्या माणसांची जंत्री करायची तर हा अंक पुरणार नाही. विलंबित ख्याल रंगात आला असता उशिरा येऊन आपल्या खुर्चीचा क्रमांक शोधणारे सहकुटुंब गृहस्थ. राग कोणता हे पत्नीला (आणि तिच्या निमित्ताने तीन रांगांना) सांगणारे जाणकार. मांडीवर ताल धरून समेला हमखास चुकणारे रसिक. तान पुरी व्हायच्या आत ‘क्या बात है!’ म्हणून मोकळे होणारे दर्दी. वेफर्सची पिशवी आवाज होऊ नये म्हणून हळूहळू, म्हणजे पाच मिनिटे सलग वाजवीत उघडणाऱ्या बाई. भैरवीचे पहिले सूर कानी पडताच चपला शोधायला उठणारा तो प्रचंड समुदाय! त्यात आता भ्रमणध्वनीची भर पडली आहे. तो वाजतो, आणि ज्याचा वाजतो तो गृहस्थ दुसऱ्याच कोणाचा वाजत असल्यासारखा इकडेतिकडे पाहतो.

‘पूर्वीचे श्रोते असे नव्हते’ असे आपण म्हणतो. मीही म्हणत असे. पण जुन्या गवयांची चरित्रे नि आठवणी वाचू लागलो, तेव्हा हे म्हणणे जरा जपून करावे असे वाटू लागले. मैफलीत उपद्रव देणारा माणूस पूर्वीही होता. फरक इतकाच, की पूर्वी तो मैफलीचा मालक असे.

दरबारातले किंवा सरदार-सावकारांच्या दिवाणखान्यातले गाणे डोळ्यांपुढे आणा. लोडतक्के, पिकदाणी, अत्तरदाणी असा थाट आहे. गाणे यजमानांच्या मर्जीने सुरू व्हायचे आणि त्यांच्या मर्जीने थांबायचे. गाणे ऐन भरात असता ते शेजारच्या पाहुण्याशी कज्ज्याच्या गोष्टी बोलू लागले, तर त्यांना गप्प कोण करणार? बिदागी त्यांच्या हातची. गाणारी स्त्री असेल तर विचारूच नका. कोणत्याही क्षणी फर्माईश यायची, कोणत्याही नजरा सोसायच्या, आणि हसतमुखाने मुजरा करून विडा घ्यायचा. त्या दिवाणखान्यात खरे रसिक यजमान होते आणि त्यांच्या आश्रयाने आपले संगीत जगले, हे मी विसरत नाही. पण तिथे ‘शांत बसा’ म्हणण्याचा अधिकार गाणाऱ्याला नव्हता, हेही विसरता येत नाही.

हा दिवाणखाना एका दिवसात मोडला नाही. मुंबईत पारशी मंडळींनी १८७० साली गायन उत्तेजक मंडळी काढली, पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज निघाला, कोल्हापुरात १८८३ मध्ये देवल क्लबाची सुरुवात झाली. एका धन्याचे गाणे पुष्कळ सभासदांचे होऊ लागले. त्याच सुमाराचा एक प्रसंग विष्णु दिगंबर पलुसकरांच्या चरित्रांतून सांगितला जातो. विष्णुबुवांचा जन्म १८७२ चा. लहानपणी फटाक्याच्या स्फोटाने दृष्टी गेली, म्हणून ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले. तेथल्या संस्थानिकांची त्यांच्यावर मर्जी होती. एका समारंभाचे आमंत्रण त्यांना आले, पण गुरुजींना आले नाही. का, तर ते ‘गवई’! ज्याच्या गळ्यातली विद्या हवी, त्याला पंगतीला बोलवायचे नाही, हा सल त्या तरुणाच्या मनातून कधी गेला नाही.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. काठेवाडात त्यांनी राजाच्या दारी न गाता तिकीट लावून जाहीर जलसा केला, आणि १९०१ च्या मे महिन्यात लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. आज तिकीट हा शब्द आपल्याला व्यापारी वाटतो. पण त्या कागदाच्या कपट्याने काय केले पाहा. ज्याने रुपया दिला आणि ज्याने चार आणे दिले, ते दोघेही श्रोते झाले; गवयाचा धनी कोणीच उरला नाही. धनी नाही म्हटल्यावर गवई सर्वांना सारखेच सांगू शकतो, की मंडळी, गप्पा बाहेर जाऊन मारा. श्रोत्यांची शिस्त ही आपल्याकडे अशी गवयाच्या स्वाभिमानातून आली आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच खरे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मल्या. तिकिटाचे जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या काही गायिकांत त्यांची गणना होते. हावभाव नाहीत, मुजरा नाही. घरंदाज वेशात शांतपणे बसायचे आणि गायचे. त्यांच्या गाण्याला बायका-मुले येऊ लागली. आता बायका-मुले आली, म्हणजे रडणे आले, खाऊचा डबा आला, ‘पाणी हवे’ आले. दिवाणखान्यातला उपद्रव गेला आणि मांडवातला आला. या अदलाबदलीत संगीताचे नुकसान झाले असे म्हणण्याची माझी तयारी नाही.

तिकिटाने सारेच श्रोते शहाणे झाले, असेही मात्र नाही. नाटकाच्या तिकिटाने तर एक नवाच उपद्रव जन्माला घातला. पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि मराठी माणसाला गाण्याचे वेड लागले. पुढे ‘वन्समोअर’ ही आरोळी आली. दोन इंग्रजी शब्दांचा एक मराठी शब्द करून आपल्या आजोबांनी तो पिटातून रंगमंचावर असा फेकला, की नाटकातली गोष्ट जागच्या जागी थबकावी. नायिका पत्र वाचून व्याकूळ झाली आहे, नायक निघून चालला आहे, आणि प्रेक्षक म्हणतात, ‘पुन्हा एकदा व्याकूळ व्हा!’ बालगंधर्वांसारखा रसिकांना मायबाप मानणारा नट हा हुकूम झेली आणि रात्र चढत जाई. कित्येक जाणत्यांना याचा राग येई. पण वन्समोअर मागणाऱ्याला गाणाऱ्याच्या मनातले काय ठाऊक असते? १९११ च्या मार्च महिन्यात ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग मुंबईत झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली होती. प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला. त्या प्रयोगाची हकीकत वाचल्यापासून मी वन्समोअर मागणे सोडून दिले आहे.

मग दार आणखी उघडले. १८९३-९४ पासून गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि गाणे आळीआळीच्या मांडवात आले. येथे तिकीटही नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याने थांबावे, दोन ताना ऐकाव्यात, पुढे जावे. त्या मांडवात पुढे ध्वनिक्षेपक आला. तो शिट्ट्या मारी, खरखरे, ऐन तानेत मुका होई. केसरबाई केरकरांसारख्या मानी गायिकेला त्याची मध्यस्थी रुचत नसे, आणि ज्यांचा आवाज मुळातच मांडव भरून टाकणारा, त्यांनी यंत्राची पत्रास का ठेवावी? पण त्या कर्कश कर्ण्यामुळेच गाणे शेवटच्या सतरंजीपर्यंत, आणि सतरंजीच्याही पलीकडे पोचू लागले.

१९५३ साली पुण्यात भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. त्या रात्री ज्यांनी जागवल्या, त्यांना विचारावे. डिसेंबरची थंडी, कानटोप्या, घोंगड्या, चहाच्या थर्मासची झाकणे. एका कोपऱ्यात कोणी घोरतो आहे, दुसऱ्या कोपऱ्यात खोकल्याची साथ आहे. आणि त्या सगळ्यातून पहाटेच्या सुमारास एखादा स्वर असा येई, की घोरणारासुद्धा उठून बसे. पुढे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला केलेली बंदी पक्की केली, आणि रात्रभराच्या त्या बैठका संपल्या. गंमत पाहा. शंभर वर्षे आपण श्रोत्यांच्या गोंगाटाने गाणे बिघडते म्हणून तक्रार केली. शेवटी गाण्याच्याच आवाजाने शेजाऱ्यांची झोप मोडते, हीही तक्रार खरीच निघाली. त्यात आजारी माणसे होती, परीक्षेची मुले होती. त्यांना नावे ठेववत नाहीत.

आता माझ्या अस्वस्थतेचे कारण सांगतो. १९६३ सालचा गणेशोत्सव. मी सहा वर्षांचा होतो. आमच्या आळीच्या गणपतीपुढे एका नामांकित बुवांचे गाणे होते. आईला गाण्याचे फार वेड. पण कारकुनाच्या घरात गाणे यायचे ते शेजाऱ्यांच्या रेडिओवरून, भिंतीपलीकडून. त्या दिवशी तिने स्वयंपाक लवकर उरकला, ठेवणीतले लुगडे नेसली आणि बायकांच्या बाजूला पुढची जागा धरून बसली. मला खोकला झाला होता. घरी ठेवायला कोणी नव्हते, म्हणून मी तिच्या मांडीवर. बुवांनी आलाप सुरू केला आणि मला उबळ आली. तिने पदर तोंडावर धरला, खडीसाखर दिली, उबळ थांबेना. तेव्हा पलीकडच्या बाजूचे एक गृहस्थ वळून म्हणाले, “अहो बाई, मुलाला बाहेर न्या. जरा गाणे ऐकू द्या!”

आई मला घेऊन उठली. आता घरी जाणार असे मला वाटले. पण ती समोरच्या बंद दुकानाच्या फळीवर टेकली. विजेच्या खांबाला कर्णा बांधलेला होता, त्याखाली. मला मांडीवर थोपटीत, मध्येच माझी छाती चोळीत, ती गाणे संपेपर्यंत तिथे बसून राहिली. मी केव्हा झोपलो ते मला ठाऊक नाही. पुढे कितीतरी वर्षे कोणाच्या भैरवीची गोष्ट निघाली की ती म्हणे, “त्या रात्री बुवांनी म्हटली तशी नाही हो पुन्हा ऐकली.” पुढची जागा गेल्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. मीच मोठेपणी एकदा विचारले, तर म्हणाली, “अरे, कर्णा होता ना!”

सरदाराच्या दिवाणखान्यात गाणे असते, तर कारकुनाच्या बायकोला त्या दारातही कोणी उभे केले नसते. ज्या दारातून वेफर्सवाल्या बाई, मांडी बडवणारे रसिक आणि तान्ही मुले आत आली, त्याच दारातून माझी आई आत आली होती. त्यातले एक ठेवून दुसरे घालवता येईल, असे मला वाटत नाही. आणि तिला बाहेर घालवणाऱ्या त्या गृहस्थांची मान मी गेल्या दिवाळीत हुबेहूब वळवली होती.

मध्यंतराची वाट न पाहता मी उठलो. चार जणांचे पाय तुडवले, त्यांनी माझ्याकडे रास्तपणे पाहिले. ती मुलगी मांडवाच्या तोंडाशी, चपलांच्या ढिगाजवळ उभी होती. मुलगा शांत झाला होता, पण आत यायचा तिला धीर होत नव्हता.

“शेवटच्या रांगेत कडेची खुर्ची रिकामी आहे,” मी म्हणालो. “तिथे बसा. उठायला सोपे पडेल.”

“नको काका, तो पुन्हा रडेल.”

“रडला तर रडला. मीही रडत असे.”

ती बसली. मी तिच्यामागे कनातीला टेकून उभा राहिलो. द्रुत सुरू झाली होती. मुलाने डोळे उघडले, तबल्याकडे तोंड केले आणि बराच वेळ तसाच ऐकत राहिला. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांचा भ्रमणध्वनी खणखणीत वाजला, आणि ते दुसऱ्याच कोणाचा वाजत असल्यासारखे इकडेतिकडे पाहू लागले.

त्यांच्याकडे मात्र मी पाहिले. अगदी पाहायचे तसेच.