आल्फा, बीटा आणि आमचे चिरंजीव



गेल्या हिवाळ्यात आमचे चिरंजीव (इयत्ता अकरावी) शाळेतून एक कागद घेऊन आले. अ‍ॅस्व्हॅब नावाची परीक्षा शाळेतच झाली होती, तिचा निकाल. दोन आठवड्यांनी लष्कराच्या रिक्रूटरचा फोन आला. फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, "यासाठी का आपण इथे आलो?" मी गप्प. माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. अपशिंग्यासारखी घरटी फौजी देणारी गावं त्या भागात. भरती म्हणजे उंची, छाती आणि धाव एवढंच मी लहानपणी पाहिलेलं. इथे मात्र रिक्रूटर आकड्यांची भाषा बोलत होता: एवढे मार्क असतील तर हे काम, तेवढे असतील तर ते. हा आकडा आला कुठून, म्हणून वाचायला बसलो. जे सापडलं ते इथे मांडतो, कारण हा फोन आपल्यापैकी आणखी काही घरांत येणार आहे.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिची कायम फौज जेमतेम सव्वा लाखाची. युद्ध संपेपर्यंत गणवेश चढवणाऱ्यांचा आकडा चाळीस लाखांवर गेला. छावण्या घाईघाईने उभ्या राहिल्या, बंदुका पुरेनात म्हणून लाकडी बंदुका खांद्यावर घेऊन कवायत चाले. पण खरा पेच वेगळाच होता. या माणसांतून ड्रायव्हर कोण, तारयंत्र चालवणारा कोण, सुतार कोण आणि खंदकात कोण, हे ठरवायचं कसं?

दोन मानसशास्त्रज्ञ पुढे आले. वॉल्टर डिल स्कॉट हा धंदेवाईक कंपन्यांना सेल्समन निवडून देण्यातला जाणकार. त्याच्या समितीने प्रत्येक रंगरुटाचं एक कार्ड केलं: शिक्षण किती, आधी काय काम करत होता, कशात हात बसलाय. ड्रायव्हर म्हणवणाऱ्याची प्रत्यक्ष चाचणी घ्यायची. साधी, व्यवहारी पद्धत. दुसरा रॉबर्ट यर्क्स. त्याला माणसाची जन्मजात बुद्धीच मोजायची होती. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी 'आर्मी आल्फा', न येणाऱ्यांसाठी चित्रांची 'आर्मी बीटा'. सुमारे सतरा लाख लोकांची परीक्षा झाली आणि प्रत्येकाला 'ए' ते 'ई' अशी श्रेणी मिळाली.

आता गंमत बघा. आल्फामध्ये क्रिस्को म्हणजे काय (स्वयंपाकाची चरबी, आपल्या डालड्याची चुलतबहीण), अमुक बेसबॉलपटू कशासाठी प्रसिद्ध, असे प्रश्न. बीटामध्ये टेनिस कोर्टाचं चित्र, त्यातली नेट गायब, ती काढून दाखवा. सूचना हातवारे करून. त्या फौजेत दर पाच-सहा जणांत एक परदेशात जन्मलेला. सिसिलीच्या खेड्यातून आलेल्याने टेनिस कोर्ट कधी पाहिलं असणार? आपल्यालाही इथल्या पहिल्या वर्षी सुपरबोलबद्दल विचारलं असतं तर 'ई' ग्रेड ठरलेली!

यर्क्सच्याच आकड्यांत एक गोष्ट स्वच्छ दिसत होती: परदेशी माणूस अमेरिकेत जितकी जास्त वर्षं राहिलेला, तितके त्याचे मार्क जास्त. म्हणजे परीक्षा बुद्धीपेक्षा अमेरिकेची ओळख मोजत होती. पण प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगमने १९२३ च्या पुस्तकात उलटाच अर्थ काढला: आधी आलेले लोक चांगल्या वंशाचे, नंतरचे हलक्या. परदेशीयांना दार लावा म्हणणाऱ्यांना हे आयतंच मिळालं. १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपचा कोटा आवळला, आशियाई लोकांना दार जवळजवळ बंदच केलं. एका पुस्तकाने कायदा होत नाही हे खरं, पण लष्करी परीक्षेचे आकडे त्या वादात वापरले गेले. १९३० मध्ये ब्रिगमने स्वतःच आपले निष्कर्ष चूक होते असं छापून कबूल केलं. तोवर उशीर झाला होता. याच ब्रिगमने १९२६ मध्ये एसएटी तयार केली. आपण पोरांना ज्या परीक्षेच्या क्लासला शनिवारी सोडतो, तिचं मूळ असं छावणीतलं आहे.

इथे एक आपल्या देशाचा रंगरूटही भेटतो. भगतसिंग थिंद, पंजाबचा, जुलै १९१८ मध्ये अमेरिकन लष्करात दाखल झाला. काही महिन्यांत अ‍ॅक्टिंग सार्जंट, डिसेंबरात सन्मानाने निवृत्त. लष्कराने पारखून पास केलेला माणूस. पण १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की तो 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्याच्या वकिलाचं नाव सखाराम गणेश पंडित, आपल्या कानाला ओळखीचं वाटेल असं. महायुद्धात लढलेल्यांसाठी १९३५ मध्ये वेगळा कायदा झाला तेव्हा कुठे १९३६ मध्ये थिंदला नागरिकत्व मिळालं.

दुसऱ्या महायुद्धात परीक्षा नवी आली आणि एक कोटीहून जास्त लोकांनी ती दिली. ज्यांचे मार्क उत्तम त्यांच्यातून हजारो मुलांना लष्कराने कॉलेजात इंजिनियरिंग, भाषा शिकायला पाठवलं. पोरं खूष, आईबाप खूष. १९४४ च्या सुरुवातीला युरोपात पायदळ कमी पडू लागलं आणि योजना जवळपास गुंडाळली. लाखभर मुलं वर्गातून उठून रायफल घेऊन चालू लागली. हेन्री किसिंजर त्यांतलाच एक. उत्तम मार्कांनी त्यांना वर्ग मिळवून दिला, पण तिथे टिकवून ठेवलं नाही.

खालच्या टोकाचं काय झालं तेही ऐका. १९६६ ते १९७१ या काळात संरक्षणमंत्री मॅकनमारांच्या 'प्रोजेक्ट वन हंड्रेड थाउजंड'खाली तीन लाखांहून जास्त लोक घेतले गेले, बहुतेक परीक्षेत नापास ठरले असते असे. गरिबांना हुन्नर शिकवू, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्यांतले बरेच जण व्हिएतनामच्या आघाडीवर गेले. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली, १९७६ पासून सगळ्या दलांना एकच अ‍ॅस्व्हॅब लागू झाली. तिचंही गणित सुरुवातीला चुकलं. १९८० पर्यंत कमी मार्कवाल्यांचे गुण फुगून येत होते आणि कोणाच्या लक्षात आलं नाही!

आता आजचं. निकालावर मोठ्या अक्षरात असतो तो आकडा पर्सेंटाइल, म्हणजे ६० हे शंभरपैकी साठ मार्क नव्हेत. तो फक्त भरतीला पात्र की नाही ते सांगतो. काम कोणतं मिळेल ते वेगवेगळ्या विषयांच्या गुणांची बेरीज ठरवते. त्यात वैद्यकीय तपासणी आणि त्या दिवशी कोणत्या जागा रिकाम्या आहेत हेही येतं. भरतीला ग्रीन कार्ड चालतं, पण गुप्ततेची परवानगी लागणारी कामं नागरिकांनाच मिळतात. मग केस कापणे, लसी, युनिफॉर्म, फोन जमा. आर्मीचं मूलभूत प्रशिक्षण दहा आठवड्यांचं, त्यानंतर कामाचं वेगळं. पायदळाचं दोन्ही मिळून २०१८ पासून बावीस आठवडे. आणि करार नेहमी एकूण आठ वर्षांचा असतो, त्यातली काही राखीव दलात. रिक्रूटर बहुधा 'चार वर्षं' म्हणतो. उरलेली चार आपण विचारायची.

एक चांगला बदल सांगायला हवा. २०२२ पासून आर्मीने फोर्ट जॅक्सनला कमी मार्कवाल्यांसाठी आधी शिकवणीचा वर्ग सुरू केला. मॅकनमारांनी दोरी खाली केली होती, इथे उडी मारायला शिकवतात. शिकवून मार्क वाढतात, म्हणजे तो आकडा जन्मजात काही मोजत नाही, हेही सिद्ध झालंच.

आमच्या घरी पुढे काय झालं? रिक्रूटर चहाला आला, तिशीचा, सभ्य मुलगा. हेलिकॉप्टर मेकॅनिकचं काम नक्की मिळेल, म्हणाला. सौ.ने विचारलं, "करारात लिहून मिळेल?" तो क्षणभर थांबला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, कागदावर आहे तेवढंच खरं. बाकी माझं बोलणं समजा."

सतराव्या वर्षी भरती व्हायचं तर आईवडिलांची सही लागते. आम्ही अजून केलेली नाही. अठरा झाल्यावर त्याला आमची सही लागणार नाही, म्हणून मधल्या महिन्यांत एवढंच सांगतोय: बाबा रे, तुझा आकडा म्हणजे तू नव्हेस, आणि तो आकडा म्हणजे वचनही नव्हे. ज्या ओळीवर सही करशील ती आधी दोनदा वाच.